आंजर्ल्याचा चढ आणि हँडल माझ्याकडे

आमची दोन सीटची सायकल तुम्ही पाहिली आहे ना? शिक्षण संपवून गावी परत आले तेव्हाच मी ठरवलं होतं, सुट्टीच्या दिवशी कोकण बघायचं ते नवऱ्याबरोबर आणि पेट्रोल न जाळता. हँडल माझ्याकडे असतं, अनिकेत मागे.

परवाच्या रविवारी आंजर्ल्याच्या गणपतीचा चढ चढत होतो. शेजारी एक स्कूटर आली. कुणी एक काका चालवत होते, काकू मागे.

“काय रे, बायकोला पुढे बसवून तू मागे?”

“रिक्षाचं इंजिन मागेच असतं, काका!” अनिकेत धापा टाकत म्हणाला.

“मध्ये पाय टेकलात, तर खाली जाताना हँडल तू धरायचंस हां!” काकांनी त्याच्याशी पैज लावली.

“कबूल!” मीच ओरडले.

मग काका मुद्दाम बाजूनेच चालवत राहिले. शेवटच्या वळणावर सायकल जवळजवळ थांबली. मांड्या पेटल्या होत्या. “मार पेडल!” मी किंचाळले. अनिकेतने मारलं, आणि पाय न टेकता आम्ही थेट देवळाशी!

“जिंकलीस गो!” काका हसत म्हणाले.

काकूंनी मात्र स्कूटरची चावी काढून घेतली.

“लायसन काढून वर्ष झालं माझं,” त्या काकांना म्हणाल्या. “खाली जाताना तुम्ही मागे बसा.”