पान सत्तावीस

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायला अजून वेळ होता. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला म्हातारा डोळ्यांत थेंब घालून ते घट्ट मिटून बसला होता. कान मात्र शेजारच्या बाकावरच्या बहीणभावाकडे होते.

"ताई, पेनिसिलिनचा शोध कुणी लावला?"

"गप रे. पन्नास वर्षं झाली, अजून चिडवतोस."

"शाळेच्या स्पर्धेत तू अगदी ठासून सांगितलंस, मादाम क्युरी."

"सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तसंच होतं. रेडियमपुढे फ्लेमिंग आणि पेनिसिलिनपुढे क्युरी. मी आपलं घोकलं."

"छापणाऱ्यानं दोन नावांची अदलाबदल केली आणि तुझा पहिला नंबर गेला."

"गेला तर गेला. त्या दिवशीचे अण्णा आठवतात का तुला?"

"पुस्तक घेऊन थेट स्टेजवर चढले होते."

"एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस. म्हणाले, माझ्या पोरीचं चुकलेलं नाही, हे बघा, इथं छापलंय. आवाज कापत होता त्यांचा."

"ऐकलं कुठे कुणी?"

"मी ऐकलं ना. अण्णा माझ्यासाठी भांडले ते तेवढं एकदाच. तो छापणारा भेटला, तर पाया पडेन त्याच्या."

"आहे का गं ते पुस्तक अजून?"

"कपाटात आहे. पान कितवं होतं ते मात्र विसरले बघ."

म्हाताऱ्याने डोळे उघडले नाहीत.

"सत्तावीस," तो म्हणाला. "तळच्या दोन ओळी."