एका खोलीचे चौदा रहिवासी

नाव : मा बोक-सून. वय : ६३ वर्षे. धंदा : मासळी बाजारात मासे साफ करणे. राहणार : रेल्वे स्टेशनमागची चढावरची वस्ती, यॉम बाईंचे घर, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, उपनिरीक्षक नाम साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, वरील खोलीत मी काही वर्षांपासून भाड्याने राहते. त्याआधी मी याच स्टेशनखालच्या भुयारी रस्त्यात राहत होते. तिथे कशी आले, असे साहेबांनी विचारले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

माझ्याविरुद्ध तक्रार अशी आहे की, मी चौदा बेघर इसमांची नावे माझ्या पत्त्यावर खोटेपणाने रहिवासी म्हणून नोंदवली. नावे मी नोंदवली हे खरे आहे. मला कोणी भरीस घातले नाही.

गेल्या वसंतात शहरात सह्यांची मोहीम निघाली. बेघर माणसाला आधी खोली द्यावी, दारू सोडणे, काम शोधणे या गोष्टी मग बघाव्यात, असा शहराने कायदा करावा ही मागणी होती. ठरावीक संख्येने रहिवाशांनी सह्या केल्या तर नगरसभेला विषय चर्चेला घ्यावाच लागतो. मोहिमेच्या प्रमुख कुक हे-जिन बाई. मी बाजारातून सुटले की स्टेशनसमोर टेबल मांडून सह्या घ्यायला बसत असे.

माझ्या टेबलावर पहिली सही प्यो तोक-सू याने केली. तो पूर्वी बंदरात जहाजांचे वेल्डिंग करायचा. भुयारात माझ्या शेजारचा झोपायचा पुठ्ठा त्याचा होता. त्याची सही शहराच्या नोंदणी कचेरीतून परत आली. शेरा होता, सदर इसम या शहराचा रहिवासी नाही. मी त्याला घेऊन कचेरीच्या खिडकीवर गेले. तिथल्या मुलीने नीट समजावून सांगितले की पत्ता नसल्याने त्याची नोंद केव्हाच रद्द झाली आहे. तोक-सू तिला म्हणाला, "ताई, मी इथं राहतच नाही, तर तुमची माणसं रोज सकाळी काठी आपटून उठवतात कुणाला?"

ती म्हणाली, "काका, नियम आहे."

मी त्याच खिडकीवर त्याचे नाव माझ्या पत्त्यावर घातले. पुढे भुयारातले बाकीचे येत गेले. कोणालाही मी नाही म्हटले नाही. यॉम बाई दोन दिवस ओरडल्या, मग त्यांनी जिन्यात चपलांसाठी फळी ठोकून दिली.

उन्हाळ्यात कचेरीचा एक माणूस तपासणीला आला. त्याने खोलीची लांबी-रुंदी मोजली आणि विचारले, "आजी, इथं चौदा माणसं झोपतात तरी कशी?" मी सांगितले, पाळीपाळीने. मी उजाडायच्या आत बाजारात जाते, त्यानंतर गादी मोकळीच असते. कोणी अंघोळीला येते, कोणी कपडे धुवायला, कोणी पाठ टेकायला. एक जण आडवा झाला की दोघे भिंतीला टेकून बसतात. सुकवलेल्या पोलॅक माशाचे सूप असेल तर सगळे वाटून खातात. हे राहणे नसेल तर राहणे कशाला म्हणतात ते मला माहीत नाही. त्याने हे लिहून घेतले नाही. म्हणून इथे लिहावे.

तक्रार होणार असे कळल्यावर कुक बाई मला भेटायला बाजारात आल्या. त्या म्हणाल्या की सह्या हव्यात त्याहून पुष्कळ जास्त जमल्या आहेत, या चौदांवाचून काही अडत नाही. ही नावे राहिली तर विरोधक सगळी मोहीमच खोटी ठरवतील, तेव्हा ती मागे घ्यावीत. या कामात त्यांचे केस पिकले आहेत, मी त्यांना मानते. तरी मी म्हटले, "बाई, घर ज्यांच्यासाठी मागायचं, त्यांनाच मागणाऱ्यांतून उठवायचं?" त्या बराच वेळ माशांच्या खोक्यांपाशी उभ्या राहिल्या. त्यांचे बूट भिजले. मग त्या गेल्या. सह्यांच्या यादीतून नावे त्यांनी काढली नाहीत.

शरद ऋतूत तोक-सू फलाटावर कोसळला. ओळखपत्रावर माझा पत्ता असल्याने इस्पितळातून मला फोन आला. नाते काय, असे विचारल्यावर मी सांगितले, एकाच घरातले. तो जाईपर्यंत मी जवळ होते. याआधी भुयारातल्या म्हाताऱ्या छा बाई वारल्या तेव्हा आम्हाला सगळे उरकल्यावर कळले. त्यांच्या अस्थी कुठे ठेवल्या ते अजून कोणी सांगितलेले नाही. तोक-सूच्या अस्थी मला मिळाल्या. दहनाच्या वेळी तिथल्या माणसाने विचारले, घरचे कोण? तेराही जणांनी हात वर केले. मीही केला.

नगरसभेने विषय चर्चेला घेतला असून पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. रहिवासी या नात्याने तेराही जणांनी बोलण्यासाठी नावे दिली आहेत.

नाम साहेबांनी सांगितले की, "कायदा माहीत नव्हता, नकळत घडले" एवढे लिहून दिले तर मला समज देऊन सोडता येईल, फक्त नावे कमी होतील. साहेब भले आहेत. त्यांनी मला बार्लीचा चहा पाजला आणि ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलेही. मी ते खोडायला सांगितले. ते म्हणाले, "मावशी, दंड होईल, वेळ आली तर तुरुंगसुद्धा." मी म्हटले, "होऊ दे. तिथला पत्ता तरी कुणी खोटा म्हणणार नाही."

कायदा मला माहीत होता. मी सगळे जाणूनबुजून केले आणि पुन्हा कोणी आले तर पुन्हा करीन. उरलेल्या तेरा जणांना चौकशीला बोलवायचे असल्यास नोटिसा माझ्या खोलीवर पाठवाव्यात. प्रत्येकाला मिळतील.

माझा हा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. "नकळत घडले" हे वाक्य माझ्या सांगण्यावरून खोडले असून खोडल्या जागी मी माझा अंगठा उठवला आहे.