राक्षस पडेपर्यंत उपास

आमच्या ह्यांचं वेड तुम्हाला ठाऊकच आहे. इथे जर्मनीत, एर्लांगेनच्या घरात बसून जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलसाठी नवे गेम बनवायचे आणि फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, विकायचे. शनिवारी स्टॉल लावायचा होता, पण खेळून तपासताना गेममधला शेवटचा राक्षस माझ्या हातून मरेना, आणि तो मरतो हे पाहिल्याशिवाय ह्यांना विकायच्या कार्ट्रिजमध्ये गेम भरता येईना. माझा जीव थाऱ्यावर नाही. शेवटी गणपतीला सांगितलं, "हा पडल्याशिवाय जेवणार नाही." हे नुसते येरझारा घालत होते.

दुपारी राक्षस एका फटक्यात आडवा! आनंदाने पहिला घास उचलला, तर हे खिडकीबाहेर बघतायत.

"अहो, त्याला काही केलंत का?"

"आल्झो... म्हणजे, त्याची थोडी शक्ती कमी केली. तुला उपाशी बघवेना गं."

मी घास ताटात ठेवला. "त्याची शक्ती परत द्या. मी हात धुऊन येते."