बदकाच्या पेल्यातली माती

नाव ओळखपत्राप्रमाणे; कामावर मला गाळणीकाका म्हणतात. वय एकोणपन्नास. व्यवसाय: माती तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. राहणार: प्रयोगशाळेच्या मागील इमारतीत, दुसरा मजला.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, शपथ घेता का, असे मला विचारण्यात आले. मी खरेच सांगणार आहे. पण एवढ्याशा कामासाठी देवाला ठाण्यात बोलावणे मला बरे वाटत नाही.

जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा कारखाना बंद होऊन ती जागा मोकळी झाली. तेथे बालवाडी हलवायचे ठरले. बालवाडीची शिक्षिका माझी मेव्हणी लागते. जागेची माती आमच्याकडे तपासणीस आली. मी ती वाळवली, चाळली, तीव्र ॲसिडात तापवली. धातू मातीला चिकटून बसतात, ॲसिडात ते सुटतात. द्रावण गाळून यंत्राच्या ज्योतीत फवारले. शिसे मर्यादेच्या नऊ पट आले. पुन्हा केले, पुन्हा तेच. मातीला कोणाचे मन राखता येत नाही.

आमचे मुख्य साहेब आकडा पाहून म्हणाले, "मुलं काय माती ॲसिडात शिजवून खाणार आहेत?"

मी म्हणालो, "साहेब, पोटात ॲसिडच असतं."

"तुम्ही मातीचे तज्ज्ञ की पोटाचे? साध्या पाण्यात हलवा, गाळा, मोजा."

तसे केले. पाण्यात शिसे जवळजवळ उतरलेच नाही. माती निर्धोक असल्याचा अहवाल साहेबांनी दिला. मी त्यावर सही केली नाही. माझ्या सहीवाचून काही अडलेही नाही.

काल पालकांच्या शंका मिटवण्यासाठी साहेब बालवाडीच्या खोलीत आले. मोठी खुर्ची नसल्याने ते लहान खुर्चीवर बसले. गुडघे हनुवटीला लागत होते. तशा स्थितीत त्यांनी विज्ञानावर बराच वेळ भाषण केले. मग मेव्हणीने बदकाचे चित्र असलेला पाण्याचा पेला आणला, त्यात नव्या जागेची चमचाभर माती घातली आणि ढवळली.

"घ्या साहेब. बोलून बोलून घसा सुकला असेल."

माझ्या खिशात गाळणकागद होता. तो का होता, असे विचारले असता सांगतो की, असतो. मी तो काढला तेव्हा ती म्हणाली, "दाजी, ठेवा तो आत. मुलं काही गाळून खात नाहीत."

साहेब म्हणाले, "अहो बाई, हे काय प्यायचं असतं?"

"निर्धोक आहे ना? सही तुमचीच आहे की."

सगळे पाहत होते. साहेबांनी मोठा घोट घेतला. तेवढ्यात मागून एका मुलाच्या आजीने विचारले, "काय हो, पोटात ॲसिड असतं म्हणतात, ते खरं का?" आजींना हे कोणी सांगितले मला माहीत नाही. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत.

साहेबांनी घोट अहवालावर थुंकला आणि "विष! विष पाजलं मला!" असे ओरडून उठले. खुर्ची त्यांच्याबरोबरच उठली. ती दोन पालकांनी ओढून काढली. बळाचा वापर झाला तो एवढाच.

मेव्हणीने विष पाजले, अशी साहेबांची लेखी तक्रार मला दाखवण्यात आली. पेल्यातील गाळ पाण्यात हलवून तपासू नये, कारण पाण्यात विष उतरत नाही, तो तीव्र ॲसिडातच तापवावा, अशी मागणी त्यात आहे. अक्षर व सही साहेबांचीच आहे, हे मी ओळखतो. हेच मी त्यांना इतके दिवस सांगत होतो. मला असे मुद्देसूद मांडता आले नाही.

तक्रार चालवायची की अहवाल, असे आपण साहेबांना विचारले तेव्हा त्यांनी विचार करायला वेळ मागितला. तोवर बालवाडी जुन्याच खोलीत भरते आहे.

मेव्हणी बाहेर बाकावर बसली आहे. तिला अटक होऊ शकते, हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "होऊ दे. गुन्हा नोंदवा म्हणावं. फक्त माती ॲसिडात शिजवायला विसरू नका." ते तिच्या सांगण्यावरून येथे नोंदवले आहे.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. खुर्चीपाशी ते थोडे थांबले. सर्व मी सांगितल्याप्रमाणेच लिहिले आहे. सांगताना मला ठाण्यातले पाणी देण्यात आले. ते मी न विचारता प्यायलो.