फेटा, हलगी आणि माझं नाक

न्हाय पण मला एक सांगा, नाक कुणाचं फुटलं? माझं की न्हाय? हे बगा, अजून सुजल्यालं हाय, शिंकलो की डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात... आणि चूक कुणाची ते ठरीवणार कोण? हेडसर ठरीवणार, हवालदार ठरीवणार, शाळंच्या पालकांचा ग्रुप ठरीवणार, ज्येनं माझं नाक बघितलंबी न्हाय त्यो कोपऱ्यावरचा पानवाला ठरीवणार! ज्येचं नाक त्येला कुणी इचारतंय व्हय? मी जोतीराम, फेटं बांधतो. धंदा माझा दुसऱ्याच्या डोक्याचा, आणि फुटलं काय तर माझं नाक!

आता तुमास्नी सांगतो पावणं, कोल्हापुरात फेट्याबिगार काय हलतंय का? नवी गाडी आली, बांधा फेटा. सोसायटीत निवडून आला, बांधा फेटा. पडला तर "पडला पण लढला की!" म्हणून बांधा फेटा. तसा शाळंत बक्षीस समारंभ हुता. बक्षीस मिळाल्याल्या समद्या पोरांना फेटं, स्टेजवरच्या पावण्यास्नी फेटं, आणि वर हेडसरांनी हलगी-घुमकं बोलवल्यालं. मी म्हटलं, "सर, हॉल पत्र्याचा हाय, लई घुमंल." तर सर म्हणत्यात, "जोतीराम, घुमायलाच पायजे!" घ्या! घुमलं!

तर पोरांची ही भली मोठी रांग. आपलं काम कसं... हनुवटी वर, मान ताठ, दिला पीळ, मारला झटका, सोडला शेमला, फुडं चल. पोरगं वळवळाय लागलं की टाळूवर एक हात दाबून धरायचा. आजपातूर कुणाचं काय बिघडल्यालं न्हाय. त्यात ह्यो अरिहंत आला. पाचवीतलं पोरगं, चित्रकलेत पयला नंबर. दोन्ही हात कानावर, डोळं जमिनीला. मला वाटलं लाजतंय. म्हटलं, "ए मर्दा, हात काढ की!" न्हाय काढलं. मग मी काढलं. टाळू दाबली, दिला झटका... आणि नेमकं त्याच टायमाला पावण्यांची गाडी दारात आली आणि हलगीवाल्यानं हाणाय सुरवात केली! अहो, पोरानं असं मुंडकं मारलं, असं मारलं... मी सरळ उताणा! डोळं उघडून बघतोय तर खुर्ची उडाल्याली, आरतीचं ताट उडाल्यालं, पीटीचं सर हात झाडत नाचत्यात, त्येंच्या मनगटाला चावा, आणि पोरगं टेबलाखाली. ताट कुणी तरी उचललं, पुसलं बी. नाक कुणाचं फुटलं? माझं! मला कुणी उचललं का? न्हाय!

आता फुडं बगा. पावण्यांच्या बंदोबस्ताला एक हवालदार हुता. आला धावत काठी घिऊन, "कुठाय त्यो? कोण हाय त्यो?" त्येला वाटलं कोण गुंड हाय. हेडसरांनी टेबलाखाली बोट दावलं. हवालदार वाकला, बघितलं, हाफ चड्डी! त्येचा बी हिरमोड झाला बगा. पण एकदा काठी घिऊन आलाय म्हटल्यावर मोकळं कसं जायाचं? टेबलावर काठी आपटली, "ए, भाईर ये! येतोस का न्हाईस?" पीटीच्या सरांनी एक पाय धरला, शिपायानं दुसरा. पोरगं किंचाळतंय, टेबलाच्या लोखंडी पायावर डोस्कं आपटून घेतंय, आणि भोवतीनं पन्नास माणसं बेंबीच्या देठापासनं वराडत्यात... काय वराडत्यात? "शांत हो! शांत हो!" अहो तुमी व्हा की पयलं! आणि ह्या समद्यात हलगी चालूच! हलगीवाल्याला कुणी थांब म्हटलंच न्हाय, त्यो बिचारा घामानं निथळत हाणतोय.

मला त्या पोराचा राग? लई राग. खरं सांगतो, मनात म्हटलं, दोन ठिवून दिल्या असत्या घरात तर ही पाळी आली नसती. ऑटिझम-बिटिझम तवा मला काय ठावं? आणि तेवढ्यात त्येची आई आली, दीपाबाई. गर्दीतनं शिरत, पायात एकच चप्पल. "हात लावू नका त्येला! पाय सोडा! हलगी बंद करा, लांब व्हा समदी!" ऐकतंय कोण? हेडसर म्हणत्यात, "मॅडम, पयलं तुमचं पोरगं आवरा, मग आमाला शिकवा." हवालदार म्हणतोय, "बाई, सरकारी कामात आडवं येऊ नगा." पोराचा पाय वडायचं सरकारी काम!

आता मी का उठलो, तर पोरासाठी उठलो असं समजू नगा. देवाशपथ न्हाय! नाक माझं फुटलं हुतं की! हलगीचा एकेक ठोका नाकात बसत हुता. मी गेलो, हलगीवाल्याच्या हातातली टिपरं वडली आणि खिडकीतनं भाईर टाकली. हवालदाराची काठी बी टाकणार हुतो, पण सरकारी हाय म्हणून सोडली. आणि वळून असा वराडलो, "गप बसा रंऽऽ समदी!" माझ्या अंगावरचं रगत बघून समदी दोन पावलं मागं सरली. पाय सुटलं पोराचं.

मग ही बाई काय करत्याय? काय न्हाय! खाली फरशीवर बसली, त्येच्यापासनं हातभर लांब. बोलली न्हाय, हात लावला न्हाय, बघितलंबी न्हाय. नुसती बसली. आणि जरा वेळानं पोराचं किंचाळणं थांबलं. मग आपटणं थांबलं. मग बघतोय तर माझा अर्धा सुटल्याला फेटा मांडीवर घिऊन पोरगं घडी घालतंय, काठाला काठ लावून. कपाळावर हे एवढं टेंगूळ आणि त्यातनं रगत... माझं डोस्कंच फिरलं. म्हंजे नुसतं गप बसायचं, एवढंच हुतं? एवढंच? मग माझं नाक कशापायी फोडलं?

तर म्हणं, बाईंनी आधीच हेडसरांना सांगितल्यालं! पोराच्या डोक्याला हात चालत न्हाय, वाजाप चालत न्हाय, बक्षीस वर्गातच द्या. सर म्हणालं हुतं, "फेट्याबिगार फोटो कसा दिसंल?" आणि हे मला सांगितलं कुणी? कुणीच न्हाय! नाक कुणाचं? माझं! मग मला नगं सांगाय?

बरं, मग मला हापिसात बोलवलं. पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. समोर हवालदार पेन काढून बसल्याला. मला वाटलं नाकाची चौकशी हाय. छे! हेडसर म्हणत्यात, "जोतीराम, तू तक्रार दे. एकदा पोलिसात कागद झाला की मी त्या बाईच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायला मोकळा. लई दिवस वाट बघतोय." आणि दाराच्या भाईर ती बाई हुबी. समदं ऐकाय येतंय तिला. पोराच्या कपाळाला पदर लावून हुबी. म्हणली, "सर, ही तिसरी शाळा हाय. हितनं काढल्यावर मी कुठं न्यायचं ह्येला?" सर कागद सरळ करत्यात.

माझी सटकली. सरांचा राग, हवालदाराचा राग, त्या पोराचा तर हुताच. म्हटलं, "हवालदार, घ्या लिहून. माझं नाक पोरानं फोडलं. आणि पोराचं कपाळ कुणी फोडलं ते बी लिहा. टाळू दाबली, पयलं नाव माझं. पाय वडलं त्येंची घाला. काठी आपटली त्येचं घाला. हलगी सांगितली, त्येचं ठळक घाला!" हवालदारानं पेनाला टोपण लावलं. म्हणला, "मग नाकाचं काय लिहू?" म्हटलं, "लिहा, दारावर आपटलं." "आणि पोराचं कपाळ?" "ते बी दारावर." त्यो दाराकडं बघून म्हणला, "लई डांबरट दार हाय की तुमचं, सर!" सरांनी कागद खणात सरकवला. आपलं नाव ठळक कुणाला पायजे?

तर दाखला ऱ्हायला. पोरगं शाळंत ऱ्हायलं. आता तुमास्नी वाटंल बाई माझ्या पाया पडली असंल. कशाची! भाईर आल्यावर मलाच म्हणत्याय, "काका, त्येनं कानावर हात ठिवलं हुतं, दिसलं न्हाय तुमाला? का काढलं?" घ्या! फुटल्याल्या नाकानं दाराच्या इरोधात साक्ष दिली मी, आणि वर मलाच बोलणी! लई लागलं बगा मला. लागलं, कारण दिसलं हुतं की मला.

बरं, ऱ्हाऊ दे. परवा हेडसरांचा फोन. आवाजात लोणी. म्हणत्यात, "जोतीराम, शाळा आणि पोलीस मिळून कार्यक्रम घ्यायलाय. असल्या पोरांना कसं सांभाळायचं, त्येचं मार्गदर्शन! मोठं सायेब येणार. अरिहंतचा आणि त्येच्या आईचा जाहीर सत्कार." मी म्हटलं, "चांगलं हाय. माझं काय काम?" तर म्हणत्यात, "काय काम म्हंजे? फेटं कोण बांधणार?" माझा हात नाकावर गेला. म्हटलं, "सर... हलगी?" "हाय की! ह्या टायमाला दोन सांगितल्यात." "अहो सर, त्या पोराला..." "तू काळजी करू नगंस, आता आमास्नी समदं कळलंय. गडबड झालीच तर सायबांसकट सगळी एकदम म्हणणार, 'शांत हो!' मी पोरांकडनं पाठबी करून घेतलंय."

फोन ठिवला आणि दीपाबाईंना सांगितलं, पोराला घरात ठिवा म्हणून. त्या म्हणल्या, "काका, न्हाय आलं तर सर म्हणणार शाळंची किंमत न्हाय ह्यास्नी. दाखला तयारच हाय त्येंच्याकडं."

आता करा काय करताय ते. जाणार की मी, न जाऊन सांगतोय कुणाला? तिथं जाऊन पयलं टिपरं लपवणार, मग फेटं बांधणार. आणि तुमास्नी सांगतो, ह्या कोल्हापुरात पोलीस पावत्या फाडून फाडून थकलं तरी मी हेल्मेट घातलं नव्हतं... काल जाऊन घिऊन आलो. फुडनं काच असल्यालं. शेवटी नाक कुणाचं हाय?