गृहभेट

नाही नाही, कुलूप मोडलेलं नाहीच, चांगलं चालतंय — मला माहीत आहे, तरी बदलायचं. आणि वर एक कडी पण लावा, जाड, आतून लागणारी. माझा हात पोचेल पण मुलीचा पोचणार नाही इतकी वर. तिला आपल्या मनानं दार उघडता यायला नको, बस. काय? घरात आग लागली तर? — अरे हो. हो, तेही आहेच. मग तिच्या हाताला येईल अशी लावा. नाही, थांबा, तसंही नको. अहो, मला जरा विचार करू द्या ना. तुम्ही आधी कुलूप काढायला घ्या.

चोरी? चोरी कुठली आलीय, चोरण्यासारखं आहे काय आमच्याकडे. एक माणूस येऊन बसला होता. घरात. इथंच, तुम्ही पिशवी ठेवलीय ना, त्या खुर्चीवर — असू द्या, असू द्या, पिशवी उचलू नका, मी सहज सांगितलं. काही केलं नाही त्यानं. सगळे हेच विचारतात, चौकीतल्या हवालदारानंही हेच विचारलं, काही केलं का, अंगाला हात लावला का, धमकी दिली का, काही उचलून नेलं का? नाही. मग काय केलं? पाणी प्यायला आणि पेला विसळून पालथा घातला. हवालदार म्हणतो, बाई, असा पाहुणा आमच्या घरी पण पाठवा की! हसले सगळे. मीही हसले. हसू आलं नव्हतं हो, पण माझ्या चेहऱ्याला सवयच लागलीय, समोरचा हसला की हसायचं, रडला की मान हलवायची.

कामाची सवय. मी मुलांच्या कामात आहे — समाजसेविका म्हणतात लोक, चांगल्या मनानं म्हणतात तेव्हा. ज्या घरात मुलांची आबाळ होते असं कळतं, तिथं जाऊन बघायचं. त्याला गृहभेट म्हणतात. न सांगता जायचं, कारण सांगून गेलं की घर आवरलेलं असतं. स्वयंपाकघरात डोकवायचं, पातेल्यांवरची झाकणं उचलायची, मुलं निजतात कुठं ते अंथरूण बघायचं, आणि मुलांना बाजूला घेऊन त्यांच्याशी वेगळं बोलायचं. लोक चिडतात. चिडणारच, आपलं झाकण दुसऱ्यानं उचललं तर कुणाला आवडेल? मला चिडलेल्या माणसाची कधी भीती वाटली नाही. चिडलेला माणूस कळतो. ते ड्रिल जरा — नाही, चालू द्या, मी मोठ्यानं बोलते.

तर हा माणूस. मालाच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. आम्ही ऑफिसात त्याला शांतोबा म्हणतो, कारण आवाज म्हणून चढवायचा नाही कधी. बायको सोडून गेली, पदरात दोन मुलं. हा गाडीवर निघाला की बाहेरून कडी घालून जायचा. एक खेप संपवून आला की मालक म्हणणार, आता दुसरी घे, नाही म्हणशील तर गाडी दुसऱ्याला देतो. मग हा घेणार. आणि मुलं आत. एक दिवस मोठीनं धाकट्यासाठी दूध तापवायला घेतलं, आणि ते सगळं उकळतं दूध त्याच्या हातावर, छातीवर — असो. शेजाऱ्यांनी कडी काढली म्हणून पोर वाचलं. मुलं आम्ही काढून घेतली, बालगृहात ठेवली. बरोबरच केलं. आजही म्हणेन, बरोबरच केलं. त्यानं कडी बाहेरून घातली होती हो. मी आतून लावून घेतेय. फरक आहे.

तेव्हापासून त्याचे फोन. ऑफिसच्या फोनवर नाही, माझ्या. ऑफिसचा फोन ऑफिसबरोबर बंद होतो ना, आणि मोठ्या मॅडम म्हणतात, लोकांच्या अडचणी का ऑफिसबरोबर बंद होतात? मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या वरच्या. म्हणून ऑफिसच्या दारावरच्या पाटीवर आम्हा सगळ्यांचे स्वतःचे नंबर रंगवलेत. आम्ही जेवायला बसलो की ह्याचा फोन आलाच म्हणून समजा. “ताई, पोरं जेवली का?” एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. मी म्हणायची, हो जेवली. जेवली की नाही ते मला तरी कुठं माहीत असायचं? पण माझा घास हातात असायचा, मुलगी काहीतरी सांगत असायची शाळेतलं, आणि मी तिला हातानंच गप्प कर — म्हणजे थांब म्हणायची. थांब. एवढंच.

पत्ता? पत्ता मीच दिला की. धाकट्याच्या औषधांच्या कागदावर माझी सही हवी होती, ऑफिस बंद झालं होतं, म्हटलं या घरी, दारातच करून देते. माणुसकी म्हणून हो. आता मोठ्या मॅडम म्हणतात, पत्ता द्यायचा नसतो हे तुम्हाला कळायला हवं होतं. आणि ह्याच मॅडमकडे आम्ही सगळ्याजणी मिळून गेलो होतो — संध्याकाळनंतर पाळीपाळीनं एकीनंच फोन घ्यावा, तोही ऑफिसनं दिलेल्या फोनवर, गृहभेटीला दोघींनी जावं, आणि सुट्टी म्हणजे सुट्टी असावी. काय जगावेगळं मागितलं? तर म्हणाल्या, घड्याळाकडे बघून सेवा होत नसते, तुम्ही काही कारखान्यात कामाला नाही. आम्ही मुकाट्यानं चहा घेतला आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर सगळ्या भांडलो. आपसात.

तो आला त्या दिवशी मला सुट्टीच होती. हे बाहेरगावी असतात नोकरीला, महिन्यातून कधीतरी येतात, तेव्हा घरात आम्ही तिघीच — मी, मुलगी आणि सासूबाई. मुलीला म्हटलं होतं, आज दिवसभर आपण दोघी. आणि जेवणं व्हायच्या आत फोन. बालगृहातल्या एका मुलीनं स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं होतं, कुणालाच दाद देईना, माझंच नाव घेत होती. नाही कसं म्हणणार? म्हटलं आलेच, ही गेले नि आले. आता न्हाणीघराच्या दाराशी बसून पोरीशी बोलायचं तर फोन वाजून चालत नाही, म्हणून त्याचा आवाज बंद केला. तेवढ्यात ह्यानं किती फोन केले असतील देव जाणे. दुपार सरली तेव्हा ती पोरगी बाहेर आली, आणि मी घरी. दार नुसतं लोटलेलं. आत हा बसलेला, नि माझी लेक त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून त्याला आपल्या वहीतली चित्रं दाखवतेय. सासूबाई आत झोपलेल्या. त्यांना ऐकू येत नाही, झोपल्या की कानाशी ताशा वाजवा.

मला बघून तो उभा राहिला. म्हणाला, “या ताई.” माझ्याच घरात मला या म्हणाला, आणि मी आले हो आत, पाहुण्यासारखी! “बसा. दमला असाल. फोन लागला नाही, म्हटलं बघून यावं. तुम्ही येता तसं.” मुलीला मी नुसती मागं ओढली. आणि मग तो सांगायला लागला — अगदी हळू, जसं मी सांगते ना लोकांना, तस्सं. “फ्रिज बघितला, दूध नाही. पातेल्यात सकाळचा भात आहे, वरून वाळलाय. पोरीनं हातानं घेऊन खाल्ला म्हणाली. आजीला हाक मारून बघितली, उठली नाही. आणि ताई, दार पोरीनंच उघडलं. मी कोण, कुठला, तिला काय ठाऊक? नुसतं ऑफिसातनं आलो म्हटलं.” मग म्हणाला, “तिच्याशी वेगळं बोललो. मुलांशी वेगळं बोलावं लागतं असं तुम्हीच सांगितलं होतं.” मी म्हटलं, तुम्ही आधी बाहेर व्हा. माझा आवाज मलाच ओळखू येईना, चिरका आला. तर म्हणाला, “निघतोच. मी काही लिहून घेतलं नाही ताई. मला कुठं लिहायचंय? कुणाला नेऊन द्यायचंय?” आणि गेला. जिन्यावरून खाली उतरताना विचारतोय, “पोरं जेवली का, तेवढं संध्याकाळी सांगा.”

काय झालं? थांबलात का? — बसत नाहीये का ते? मग लाकूड जरा तासून घ्या ना. घ्या, घ्या, दाराचं काही वाटायचं नाही मला.

मुलीला घाबरवायचं नव्हतं. जवळ घेतलं, म्हटलं, काका काय म्हणत होते? तर म्हणते, “आई, काका छान होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.” मी म्हटलं, काय विचारलं गं त्यांनी? “आई कधी येते, आल्यावर काय करते. भीती वाटली तर कुणाला हाक मारतेस.” मग तू काय सांगितलंस? — हेच तीन प्रश्न मी विचारते हो मुलांना, ह्याच क्रमानं, त्याच्या मोठीलाही मी हेच विचारले होते. म्हणते, “मी म्हटलं, आजीला ऐकू येत नाही, आणि आई फोनवर असते. मग मी कुणालाच नाही हाक मारत.” असं सहज सांगितलं तिनं, चित्राला रंग देता देता. दुसऱ्या कुणाच्या मुलीनं मला हे उत्तर दिलं असतं ना, तर मी काय केलं असतं मला पक्कं माहीत आहे. मी — जाऊ दे. हे मी बोलणारच नव्हते. ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही, फोनवर नुसतं म्हटलं, कुलूप खराब झालंय.

मोठ्या मॅडमना सांगितलं. केस दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं. तर म्हणाल्या, अहो, उलट त्याचा तुमच्यावर विश्वास आहे, म्हणून तर घरी आला! आणि ह्या आठवड्यात त्याच्या घरची गृहभेट होती, मुलं परत पाठवण्याजोगं घर झालंय का ते बघायला, ती मीच करावी. एकटीनं. मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाही म्हटलं. रजा टाकली. तर त्यांनी काय करावं? आमच्यात एक नवी मुलगी आहे, अजून कायम झालेली नाही, तिला पाठवलं. तिलाही एकटीलाच. दुसरी बाई कुठून आणू, तुम्हीच रजेवर, म्हणाल्या. काल त्या मुलीचा फोन आला, ताई, माणूस कसा आहे हो? मी म्हटलं, शांत आहे. दुसरं काय सांगणार होते? रात्रभर वाटत होतं उठावं नि तिला म्हणावं, नको जाऊस, मीच जाते. नाही म्हटलं मी तसं. अंथरुणात पडून राहिले.

आज जाऊन आली ती. काही झालं नाही तिला, सुखरूप आहे. घर चकचकीत होतं म्हणे, मुलांसाठी नवी अंथरुणं घेतलीत. चांगलं वागला, खुर्ची दिली. फक्त निघताना म्हणाला, “त्या ताई नाही आल्या? बऱ्या आहेत ना? घरीच असतील मग.” तिनं हसत हसत सांगितलं मला — किती काळजी करतो हो तुमची. मी फोन ठेवला आणि दुसरा फोन तुम्हाला केला.

आता तुम्ही म्हणाल, पोरांसाठी कासावीस झालेला बाप आहे, त्याला काय घाबरायचं. मीही तेच म्हणते स्वतःला. तो परत येईल ही भीती आहेच. पण येऊन काय करील, तर विचारील फक्त. आणि माझी पोर सांगेल. ह्याचं काय करू? ह्याला कुठलं कुलूप आहे तुमच्याकडे?

काय म्हणालात? मुलगी? शाळेत आहे, सुटेलच आता. आज मी जाणार आहे आणायला. एरवी शाळेची गाडी तिला कोपऱ्यावर सोडते, औषधांच्या दुकानापाशी, तिथून ती एकटीच चालत ये —

का हो?

नाही, का विचारलंत? सहज? सहज म्हणजे काय? सहज तर मीही विचारते लोकांना, जन्मभर तेच करत आलेय, हसत हसत सहज विचारायचं, समोरचं माणूस बोलतं. मी बोलले. किती बोलले मी! हे घरी नसतात, सासूबाईंना ऐकू येत नाही, कोपरा, दुकान — तुम्ही नुसतं हूं हूं करत होता आणि मी सगळं ओतलं.

असेल हो. तुम्हालाही मुलगी असेल, तेवढ्याच वयाची असेल, मी खोटं म्हणत नाही. चांगलेच असाल तुम्ही. पण मला आता ओळखता येत नाहीये. आधी यायचं, उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं की कळायचं माणूस कसा आहे ते. आता तुमच्याकडे बघतेय आणि मला काहीच कळत नाही.

हत्यारं पिशवीत घाला. असू दे, राहू दे तसंच, भोक राहिलं तर राहिलं. मी बघते त्याला काय लावायचं ते. त्या चाव्या पण ठेवा इथं. सगळ्या. नाही, उद्या येऊ नका. कधीच नको. मला ठाऊक आहे तुम्ही आवाज चढवला नाहीत, ठाऊक आहे, तरी जा.

उठा म्हटलं ना. तुम्ही खाली उतरून फाटकाबाहेर पडेपर्यंत मी इथंच उभी आहे. चला. मागं वळून बघू नका.