डाव्या टायरची कड

टायर एकाच कडेने का झिजतो म्हणून तुम्ही कधी गाडीखाली डोकावलात? मी डोकावलोय.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमच्या लालबागच्या चाळीतला तुकादादा आपली टॅक्सी प्रचाराला आणायचा. टपावर भोंगा आणि मागच्या सीटवर माईक घेऊन मी. शिवाजी पार्कला सभा असली की दिवसभर आम्ही मैदानाभोवती फिरायचो.

तर त्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायरची फक्त बाहेरची कड झिजून गुळगुळीत व्हायची. उजवा टायर ठणठणीत! चाकं वाकडी बसलीत का, म्हणून परळच्या गॅरेजवाल्याने दोरी धरून पाहिलं, स्टिअरिंग तपासलं. सगळं सरळ. नवा टायर टाकला, त्याचीही तीच गत.

मला काही चैन पडेना. एकदा घोषणा देता देता मी बाहेर बघत होतो आणि एकदम लक्षात आलं, मैदान सतत आमच्या उजव्या हाताला!

"दादा, तू कायम उजवीकडेच वळतोस रे, आणि तेही भरधाव. सगळा भार डाव्या चाकावर येतो. आता जरा उलट्या फेऱ्या मार."

दादाने गाडीच थांबवली.

"मेल्या, सभेच्या मैदानाक उलटी प्रदक्षिणा? आणि मुंबई हातची गेली तर तू आणून देणार? जाऊ दे तो टायर!"

मुंबई मिळाली त्या दिवशी दादाने झेंडूचा हार आणला. मला वाटलं, गाडीला घालेल. त्याने वाकून तो डाव्या टायरला घातला.